एकोणीस एकांची संख्या

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना वाटेत विंझर लागते. आषाढात त्या रस्त्याने गेलात तर दोन्ही बाजूंच्या खाचरांत भातलावणी चाललेली दिसते. काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत तिथल्या शाळकरी मुलांशी गणितावर गप्पा मारायला गेलो होतो. विषय होता मूळ संख्या. फळ्यावर व्याख्या लिहिण्यापेक्षा म्हटले, बाहेर चालले आहे तेच उदाहरण घेऊ. समजा, हातात १२ रोपे आहेत. ती चार-चारच्या तीन ओळींत लावता येतील, सहा-सहाच्या दोन ओळींतही लावता येतील. पण १३ रोपे असली तर? सगळी एकाच ओळीत लावा, नाहीतर कुठली तरी ओळ तोकडी पडणार. ज्या संख्येची रोपे अशी सारख्या ओळींत बसायला तयार होत नाहीत, ती मूळ संख्या.

मुलांना पटले. मग फळ्यावर ११ लिहिले. मूळ संख्या. त्यापुढे आणखी एक १ लिहिला, १११ झाले. ही मूळ आहे का? थोडी खुसपूस झाली आणि उत्तर आले, नाही, सदतीस त्रिक एकशे अकरा. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, असं एकापुढे एक लिहीतच गेलं तर परत मूळ संख्या कधी येणार?"

उत्तर मला माहीत होते. म्हणालो, "एकोणीस एक लिहिले की." ती खाली बसली नाही. तिने विचारले, "पण मग ती भागून बघितली कुणी?"

शाळेची घंटा झाली आणि मी सुटलो. खरे सांगायचे तर तिच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाच मिनिटांत देण्यासारखे नव्हते. आज सवडीने देतो.

आधी पहिला प्रश्न. एकापुढे एक लिहून होणाऱ्या या संख्यांपैकी बऱ्याचशा बघताक्षणी बाद करता येतात. चार एक घ्या. ११११ म्हणजे ११ आणि पुन्हा ११, म्हणून त्याला ११ ने भाग जाणारच. सहा एकांचे ११-११-११ असे तीन तुकडे पडतात, किंवा १११-१११ असे दोन. नऊ एकांचे १११ चे तीन तुकडे पडतात. थोडक्यात, एकांची गिनती स्वतः मूळ नसेल तर संख्याही मूळ नसते. उरतात त्या ३, ५, ७, ११, १३, १७ अशा गिनतीच्या संख्या. यांना तरी यश यावे की नाही? पण पाहा: ११,१११ म्हणजे ४१ गुणिले २७१. सात एकांची संख्या २३९ आणि ४,६४९ यांचा गुणाकार. अकरा एकांची २१,६४९ आणि ५,१३,२३९ यांचा. तेरा एकांना ५३ ने भाग जातो, ७९ नेही जातो. सतरा एकांची संख्या बराच वेळ दाद देत नाही, तिचा सर्वांत लहान विभाजक २०,७१,७२३ आहे. आणि मग येते ही:

१११११११११११११११११११

मोजून बघा, एकोणीस आहेत. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त स्थानांची नावे दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र अशी सुरुवात करून कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य असे करत परार्धापर्यंत ती जातात. ही नावे बरोबर अठरा आहेत. म्हणजे अठरा एक लिहिले की लीलावतीतले प्रत्येक स्थान एकेका एकाने भरते, आणि आपली संख्या परार्धाच्याही पुढे एक घर जाते. तिला हाक मारायला त्या यादीत नाव उरत नाही. ज्यांनी ही स्थाने आपल्याला दिली, त्यांच्या घराण्याच्या विद्येची आठवण म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला तो चाळीसगावजवळच्या पाटण्याला. त्याचा शिलालेख तिथे आहे.

नुसत्या एकांनी लिहिलेल्या संख्यांचे आपल्याकडे कौतुक केले ते देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. ठाण्यात शिकले, मग पुण्याला फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीला शाळेत शिकवले. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. एकांच्या संख्यांचे वर्ग केले की काय होते ते त्यांना फार आवडे. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. असे करत नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. डोंगर चढून उतरल्यासारखे आकडे वर जातात आणि खाली येतात. दहा एकांना हातचा येतो आणि शिखर मोडते. या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' हे नाव दिले. डेम्लो म्हणजे आजचे डोंबिवली. जीआयपी रेल्वेच्या त्या स्टेशनवर ही कल्पना सुचली, म्हणून संख्यांना स्टेशनचे नाव. १९३८ साली 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांनी त्यावर लिहिले.

कापरेकरांवर एक आक्षेप नेहमी घेतला गेला. माणसाला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत मोजतो. त्यामुळे १११ मध्ये तीन एक दिसतात हा लिहिण्याच्या पद्धतीचा योगायोग, त्यात संख्येचा गुण तो काय? आक्षेपात तथ्य आहे. पण मला तो पुरता मान्य नाही, आणि का ते पुढे येईल.

आता त्या मुलीचा दुसरा प्रश्न. भागून बघितली का?

एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्याचा शाळेतला मार्ग म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहायचे. एकोणीस एकांचे वर्गमूळ १०५ कोटींच्या जरा पुढे येते. तिथपर्यंत मूळ संख्या किती? सव्वापाच कोटींहून जास्त. एका भागाकाराला एक मिनिट धरा. जेवण नाही, झोप नाही, दिवाळीची सुटी नाही, तरी शंभर वर्षे लागतील. आणि या शंभर वर्षांत एखाद्या दुपारी डुलकी लागून एक भागाकार चुकला, तर सगळे व्यर्थ.

पण हा आकडा बराच कमी करता येतो, आणि तोही चौथी-पाचवीतल्या भागाकाराच्या आधारे. ४१ ने १ ला भागायला घ्या. वरून शून्य उतरवत जायचे. प्रत्येक टप्प्यावर उरणारी बाकी लिहून ठेवा: १, मग १०, मग १८, १६, ३७, आणि पुन्हा १. पाच पावलांत बाकी मूळपदावर आली, म्हणून दशांशात ०२४३९ हे पाच आकडे पुन्हा पुन्हा येतात. पाच पावले आणि पाच एकांना ४१ ने भाग जाणे, या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. आता १ ऐवजी २ पासून सुरू करा: २, २०, ३६, ३२, ३३, पुन्हा २. परत पाचच पावले. ४१ ने भागताना शून्य सोडून बाक्या उरू शकतात ४०, आणि त्या चाळीसच्या चाळीस बाक्या पाच-पाचच्या आठ गटांत बरोबर वाटल्या जातात. कुणी शिल्लक राहत नाही. म्हणजे ४१ मधून १ वजा केला की ५ ने भाग जायलाच हवा.

हेच एकोणीस एकांना लावा. तिचा एखादा मूळ विभाजक असलाच, तर त्याच्या बाक्या एकोणीस-एकोणीसच्या गटांत वाटल्या जाणार. म्हणजे त्यातून १ वजा केल्यावर १९ ने भाग गेला पाहिजे, आणि तो विषम असल्यामुळे ३८ ने. वर दिलेले विभाजक याच रीतीने तपासून पाहा. २३९ मधून १ काढा, २३८ ला ७ ने भाग जातो. ५३ मधून १ काढा, ५२ ला १३ ने. ७९ चेही तसेच. या चाळणीतून सव्वापाच कोटींचे तीस लाखांच्या आसपास उरतात. शंभर वर्षांचे काम साडेपाच वर्षांवर आले. तरीही झोप नाहीच.

इथे एक गमतीची गोष्ट सांगून टाकतो. एकोणीस एकांना दुसरा विभाजक नाही, याचा अर्थ ज्या मूळ संख्येने १ ला भागले असता एकोणीस आकड्यांचा फेरा येतो अशी मूळ संख्या जगात एकुलती एक आहे, ती स्वतःच. आणि तो फेरा कसा आहे? अठरा शून्ये आणि एक नऊ, पुन्हा अठरा शून्ये आणि एक नऊ. सात पावलांचा फेरा असणाऱ्या दोन मूळ संख्या आहेत, २३९ आणि ४,६४९. एकोणीस पावलांचे घर मात्र एकटीचे.

भागाकार न करता निकाल लावण्याची वाट दुसरीच आहे. तिचे मूळ सतराव्या शतकातल्या पिएर द फर्मा यांच्या एका नियमात आहे. मूळ संख्या घ्या, समजा ७. तिने भाग न जाणारी कुठलीही संख्या घ्या, समजा ३. एकाने कमी म्हणजे सहा वेळा ३ चा गुणाकार करा: ७२९. सातने भागा, बाकी १. मूळ संख्या असेल तर बाकी नेहमी १ च उरते. म्हणून एखाद्या संशयित संख्येपुढे ३ किंवा ५ असा एखादा साक्षीदार उभा करायचा. बाकी १ सोडून दुसरे काही आले, तर संख्या मूळ नाही हे तिथेच सिद्ध झाले, विभाजक कुठला ते न सांगताही. आणि घात कितीही मोठा असो, वर्ग, वर्गाचा वर्ग असे करत गेले की काम झटपट होते. एकोणीस एकांसाठी सुमारे साठ वेळा वर्ग करावे लागतात.

मात्र बाकी १ आली तर? मूळ असेल असे वाटते, खात्री नाही. कारण साक्षीदार फितूर असू शकतो. आपल्या गोष्टीत तर सर्वांत मोठा फितूर घरातलाच आहे, तो म्हणजे १०. सात एकांची संख्या मूळ नाही हे आपण पाहिले, २३९ ने तिला भाग जातो. पण १० ला साक्षीला बोलवा. १० चा सातवा घात म्हणजे एक कोटी. त्यातून १ वजा केला की नऊ गुणिले ११,११,१११. म्हणजे दर सात पावलांनी बाकी १ येते. संख्येतून एक वजा केला की ११,११,११०, आणि त्याला ७ ने भाग जातो, तेव्हा शेवटी बाकी १ च. साक्ष झाली: "मूळ आहे." धडधडीत खोटी. पाच एकांबद्दलही १० हेच सांगतो, अकरांबद्दलही, सतरांबद्दलही. दहाच्या पद्धतीत जन्मलेल्या संख्यांना दहा कधी दगा देत नाही.

मग खात्री कशी करायची? एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या एद्वार ल्युका यांनी याचा उपाय दिला. तो समजायला पुन्हा बाक्यांच्या फेऱ्याकडेच या. सातने १ ला भागताना बाक्या येतात १, ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. शून्य सोडून सातच्या सगळ्या बाक्या एकाच फेरीत हजेरी लावून गेल्या. आता समजा भाजकालाच एखादा विभाजक असता, आणि फेऱ्यात कुठे त्या विभाजकाच्या पटीतली बाकी आली असती, तर पुढच्या साऱ्या बाक्या त्याच्याच पटीत राहिल्या असत्या आणि १ वर परत येणे झालेच नसते. म्हणून एका फेरीत सगळ्या बाक्या हजर झाल्या, की भाजक मूळ आहे हे सिद्ध. साक्षीदार असा शोधायचा की त्याचा फेरा पूर्ण लांबीचा असेल. ४१ पुढे १० चा फेरा पाचातच संपतो, म्हणून तो तिथे कामाचा नाही. दुसरा घ्यावा लागतो.

एकोणीस एकांच्या पुढे पूर्ण फेरा म्हणजे परार्धाच्या पलीकडची पावले. ती चालून जायची नाहीत. फेरा मध्येच संपत नाही एवढेच तपासायचे, आणि त्यासाठी संख्येतून १ वजा करून जे उरते त्याचे मूळ अवयव माहीत असले की पुरते. एरवी इथेच घोडे अडते. पण आपल्या संख्येतून १ वजा केला की काय राहते? अठरा एक आणि शेवटी शून्य. म्हणजे दहा गुणिले अठरा एक, तीच लीलावतीची भरलेली अठरा घरे. आणि अठरा एकांचे तुकडे पाडणे सोपे, कारण अठराला २, ३, ६, ९ या सगळ्यांनी भाग जातो. त्या वजाबाकीचे मूळ अवयव आहेत २, ३, ५, ७, ११, १३, १९, ३७, ५२,५७९ आणि ३,३३,६६७. यात ३ दोनदा येतो, बाकी सारे एकेकदा. एकूण दहा वेगळे अवयव, तेव्हा दहा तपासण्या आणि एक मुख्य साक्ष. हजाराच्या आसपास गुणाकार-भागाकार झाले. चिकाटीचा माणूस हे कागद-पेन्सिलीने करू शकेल.

तर, मुली, सगळ्या संख्यांनी भागून बघण्याची गरजच नाही. न्यूयॉर्कच्या ऑस्कर होपे यांनी १९१८ साली एकोणीस एकांची संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले, तेव्हा संगणक नव्हता. दहा-बारा वर्षांतच २३ एकांचीही खात्री झाली. मग मात्र मोठी खिंड लागते. पुढची मूळ संख्या येते ती थेट ३१७ एकांची. तिच्यानंतर १,०३१ एकांची. तिची सिद्धता १९८६ साली ह्यू विल्यम्स आणि हार्वे डब्नर यांनी दिली.

आपण बँकेचे व्यवहार मोबाईलवर करतो तेव्हा कुलूप म्हणून साधारण तीनशे आकड्यांच्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार वापरण्याची पद्धत रूढ आहे. ३१७ एकांची संख्या आकाराने अगदी त्याच मापाची. पण ती किल्ली म्हणून वापरली तर चोराला किल्ली दारावर टांगून ठेवल्यासारखे होईल, ती सगळ्यांनाच ठाऊक आहे. किल्लीसाठी संगणक कुणालाही न सुचणाऱ्या संख्या उचलतो आणि बरेच साक्षीदार यदृच्छेने बोलावून तपासतो, तेही फर्माच्या नियमापेक्षा कडक उलटतपासणी करून. तिथे सिद्धतेचा आग्रह धरत नाहीत, चुकण्याची शक्यता नगण्य असली की काम भागते. २००२ साली कानपूरच्या आयआयटीतले मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी एकही साक्षीदार यदृच्छेने न बोलावता, कोणत्याही संख्येचा निश्चित निकाल वाजवी वेळात लावणारी रीत शोधून जगाला चकित केले. व्यवहारात जुन्या रीतीच जलद पडतात, पण तत्त्व म्हणून या शोधाची थोरवी वेगळीच.

आता कापरेकरांवरच्या आक्षेपाकडे येतो. बोटे दहा म्हणून आपण दहाच्या पद्धतीत लिहितो. संगणकाला दोनच बोटे आहेत म्हणा, तो ० आणि १ एवढ्यांतच लिहितो. त्याच्या पद्धतीत १११ म्हणजे आपले ७, आणि पाच एक म्हणजे ३१. दोन्ही मूळ आहेत. सोळाशेच्या शतकातल्या मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूळ संख्या त्या याच. त्यांत १ मिळवला की नुसत्या दोनांचा गुणाकार राहतो. इथे एक वजा करण्याऐवजी एक मिळवून चालणारी रीतही ल्युका यांनीच शोधली, म्हणून या संख्या तपासायला सर्वांत सोप्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरंट यांनी तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या शोधली ती याच जातीची. आपल्या पद्धतीत लिहायची तर ४,१०,२४,३२० आकडे. संगणकाच्या पद्धतीत लिहायची तर १३,६२,७९,८४१ एक, मध्ये एकही शून्य नाही. देवळालीचे मास्तर फळ्यावर जे लिहीत होते, तेच.

आपल्या दहाच्या पद्धतीतल्या एकांना मात्र असे भाग्य नाही. १९९९ साली डब्नर यांना ४९,०८१ एकांची संख्या सापडली. सर्व साक्षी तिच्या बाजूने होत्या, तरी ती संशयितच राहिली, कारण एक वजा करून येणाऱ्या संख्येचे अवयव पुरेसे पाडता येईनात. सिद्धता मिळाली २०२२ मध्ये, तेवीस वर्षांनी आणि अगदी वेगळ्या रीतीने. ८६,४५३ एकांची २०२३ मध्ये सिद्ध झाली. अशा संख्या कधी संपतात की संपतच नाहीत, हे कुणालाच सिद्ध करता आलेले नाही.

सिद्धतेची वाट बघत उभ्या असलेल्यांत २०२१ साली सापडलेली एक आहे, ८१,७७,२०७ एकांची. सेकंदाला एक या वेगाने, रात्रंदिवस न थांबता विंझरच्या त्या फळ्यावर लिहायला घेतली, तर लिहून होईपर्यंत चौऱ्याण्णव दिवस जातील. आषाढात लावलेला भात तोवर पिकत आलेला असेल.